वाचकांचे प्रश्न : रोमन गाव नाशिकजवळ कुठे आहे?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की थंडीत एका रविवारी जोगलटेंभीला ग्रुपने चालत फिरायचा विचार आहे. त्यावर एवढे प्रश्न आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे परत परत विचारले गेले तेवढे घेतलेत. नावं छापत नाहीये, फक्त कुठून विचारलंय ते लिहिलंय.

प्रश्न (इंदिरानगर) : ताई, आम्ही दोघं उन्हाळ्यात लेकीकडे ब्रिस्टलला होतो. तिथून नदी ओलांडली की वेल्समध्ये केअरवेंट नावाचं छोटं गाव आहे, तिथे एका रविवारी वीस-बावीस जणांचा ग्रुप वॉक होता, आम्हीही गेलो. रोमन काळातली भिंत, देऊळ, बाजाराची जागा आणि त्यातच आजच्या लोकांची घरं, बागा. फार आवडलं. आल्यापासून मनात येतंय, नाशिकच्या आसपास असं रोमन इतिहास असलेलं गाव आहे का, जिथे आपलाही ग्रुप जाऊ शकेल?

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मला एकदम तिथलं ते गवत आठवलं. भाचीकडे कार्डिफला गेले होते तेव्हा मीही केअरवेंटला एक अख्खी सकाळ घालवलीये. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिथे सिल्युरीस नावाची टोळी होती, तिने रोमन सैन्याला बरीच वर्षं दाद दिली नव्हती. पुढे त्याच लोकांसाठी रोमनांनी हे गाव वसवलं, नाव ठेवलं वेंटा सिल्युरम, म्हणजे सिल्युरीसांचा बाजार म्हणा ना. आजूबाजूच्या मुलखाला आज ग्वेंट म्हणतात ते याच वेंटावरून. चौथ्या शतकातली दगडी तटबंदी दक्षिणेकडे काही ठिकाणी अजून पाच मीटर उंच आहे, आणि सगळ्या तटाला फेरी मारली तर साधारण दीड किलोमीटर होतं, आपल्या वयाला अगदी झेपेल असं.

तुम्ही चर्चच्या पोर्चमधला दगड बघितलात का? माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा ठेवा आहे. टायबेरियस क्लॉडियस पॉलिनस नावाच्या एका बड्या रोमन अधिकाऱ्यासाठी, जो आधी दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचा, सेनापती होता, सिल्युरीस लोकांनी पुतळा उभारला आणि खालच्या दगडावर कोरलं की आमच्या नगरसभेच्या ठरावाने हे केलं. इ.स. २२० च्या आसपासची गोष्ट. हा दगड लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आता तुमचा प्रश्न. सरळ उत्तर द्यायचं तर नाशिकजवळ रोमन गाव नाही. रोमनांचं राज्य इथे कधीच नव्हतं, त्यांनी इथे तट बांधला नाही, रस्ता बांधला नाही. पण रोमशी ज्याचा धागा थेट जुळतो असं गाव नक्की आहे आणि ते म्हणजे जोगलटेंभी, सिन्नर तालुक्यात, गोदाकाठी, दारणा गोदावरीला येऊन मिळते त्या भागात. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, थोडीथोडकी नाही, सुमारे १३,२५० नाणी! सगळी क्षहरात वंशातला शक राजा (क्षत्रप) नहपान याची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. म्हणजे हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्या राजाने वितळवला नाही, त्याच्याच चेहऱ्यावर आपलं चिन्ह ठोकून परत बाजारात सोडला. सातवाहनांनी नहपानाला हरवलं याचा इतका धडधडीत पुरावा दुसरा नाही. शाळेत आपण एका ओळीत शिकलो ना हे, गावाचं नाव मात्र कुणी सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग रोम कुठे आलं यात? नाण्याच्या एका बाजूला राजाचा डोक्यापासून मानेपर्यंतचा चेहरा असतो, ही पद्धत पश्चिमेकडून आलेली. चेहऱ्याभोवती अक्षरं आहेत ती ग्रीक. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तिथे नाव ब्राह्मी आणि खरोष्ठीत. एका नखाएवढ्या नाण्यावर तीन लिप्या! कारण हा पैसा भरुच बंदराच्या पट्ट्यात चालायचा आणि तिथे लाल समुद्रातून इजिप्तची जहाजं यायची, रोमन साम्राज्यातली. त्या काळी एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवलीये, तिला पेरिप्लस म्हणतात, पहिल्या शतकातली. त्यात भरुचला बारिगाझा म्हटलंय, पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर, तगर म्हणजे तेर त्याच्यापुढे दहा दिवस, आणि रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली तर इथल्या पैशात बदलून फायदा होतो हेसुद्धा लिहिलंय. त्या मुलखाच्या राजाचं जे नाव दिलंय ते नहपानाचंच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. नहपानाच्या नाण्यांना एवढी चांदी आली कुठून, तर दिनारी ही रोमन चांदीची नाणी वितळवून, असंही काही जणांचं म्हणणं आहे. आणि दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाच्या ग्रीक विद्वानाने जे भूगोलाचं पुस्तक लिहिलं त्यात नासिक हे नावसुद्धा आहे, अलेक्झांड्रियात बसून त्या माणसाला आपलं गाव माहीत होतं!

तेव्हा काका, केअरवेंटला तुम्ही भिंत बघितलीत, इथे भिंत नाही मिळणार. नदी मिळेल, गाव मिळेल, आणि जिथे दोन राजांचं भांडण एका मडक्याभर चांदीत पुरलेलं निघालं ती माती मिळेल. ते पुरेसं आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (पंचवटी, कॉलेजचा विद्यार्थी) : पांडवलेणीत एका गुहेत 'यवन' असा उल्लेख आहे असं गाइड म्हणाला. म्हणजे रोमन लोक नाशिकमध्ये राहायचे हे प्रूव्ह होतं ना? मग वॉकमध्ये पांडवलेणी का नाही घेतली?

उत्तर : यवन म्हणजे रोमन असं लगेच धरू नकोस. लेणं क्रमांक १७ मध्ये शिलालेख आहे, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, योनक, उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा राहणारा, त्याने हे लेणं दिलं. आता बघ, योनक म्हणजे ग्रीक वंशाचा, पण गाव उत्तरेतलं, बापाचं नाव धम्मदेव, स्वतःचं नाव इंद्राग्निदत्त, आणि दान बौद्ध भिक्षूंना. समुद्रापलीकडून आलेला रोमन हा नाही, पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेल्या ग्रीकांपैकी आहे. मला तर हे जास्त भारी वाटतं. बाहेरून आलेला माणूस नाशिकच्या डोंगरात लेणं कोरतो आणि स्वतःची ओळख सांगताना लाजत नाही, लपवत नाही.

आणि तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला, त्यात ती आपल्या मुलाला शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा, क्षहरात वंश निर्मूळ करणारा म्हणते, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय म्हणते. एक आई आहे ती, मुलाच्या पराक्रमाबद्दल लिहितेय, तो लेख उभं राहून वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. म्हणजे एका लेण्यात यवनाचा बंदोबस्त केल्याचा अभिमान आणि थोडं पुढे गेलं की यवनाने दिलेलं लेणं, एकाच डोंगरात. दोन्ही खरं. तेव्हा 'यवन' शब्द दिसला की कोण, कुठला, कधीचा हे विचारायची सवय लाव.

पण रोमचा धागा पांडवलेणीत आहेच, फक्त तू शोधतोयस तिथे नाही, दहाव्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात, दक्षमित्रेचा नवरा, त्याचे लेख आहेत तिथे. वाचलेस तर कळेल की तो नुसता दानशूर नव्हता, रस्ता सांभाळणारा माणूस होता. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर त्याने लोकांना फुकट होड्यांची सोय केली. भरुच, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक म्हणजे सोपारा इथे उतरायला जागा बांधल्या. आता हीच नावं नकाशावर मांड, बंदरं आणि बंदरांकडे जाणारी वाट दिसेल, जिच्यावरून माल जायचा आणि परदेशी सोनं-चांदी यायची.

आणखी एक. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले, आजच्या भाषेत एफडी. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशोब करून बघ, दोन हजारावर वर्षाचे २४०, वीस भिक्षूंना बारा-बारा, बरोबर २४०, एक पैसा इकडेतिकडे नाही. मुद्दल मोडायचं नाही असंही कोरलंय. त्याच लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा दरसुद्धा आहे, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा नाशिकचा सोन्या-चांदीचा भाव दगडावर लिहून ठेवलेला आहे!

आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं, रीतीप्रमाणे दफ्तरात नोंदवलं असं शेवटी लिहिलंय. आता पहिल्या उत्तरातला तो केअरवेंटचा दगड आठव. तिकडे सिल्युरीसांची नगरसभा ठराव करतेय, इकडे गोवर्धनची निगमसभा नोंद करतेय, आणि आपली नोंद त्यांच्या दगडाच्या निदान शंभर वर्षं आधीची. गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं आजचं गोवर्धन असं मानतात, तू पंचवटीतून सायकलने जाशील तिथे. म्हणून लेणी वगळलेली नाहीत. एकाच दिवशी दोन्ही केली तर लोक दमतात आणि काहीच नीट बघत नाहीत, म्हणून लेणी आदल्या रविवारी ठेवलीत.

प्रश्न (सिडको) : ताई, आमच्या भिशी ग्रुपमध्ये चौदा जणी आहोत, दोघींचे गुडघे दुखतात, एकीला बीपी आहे. आम्ही आलो तर चालेल का? किती चालायचं, खायचं काय, आणि स्पष्टच विचारते, बाथरूमची सोय काय? आम्ही इतिहास वगैरे फार शिकलेल्या नाही.

उत्तर : या, नक्की या. इतिहास न शिकलेली माणसं जास्त प्रश्न विचारतात हा माझा अनुभव आहे, आणि विणकर, व्याज, बाजारभाव, भिशीवाल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. श्रेणीकडे पैसे ठेवणं आणि त्यावर ठरलेलं मिळणं, तुम्ही दर महिन्याला त्याच्याच जवळचं काहीतरी करता.

चालणं एकूण तीन-साडेतीन किलोमीटर, तेही सलग नाही. सकाळी सातला नाशिकरोडला जमायचं, तिथून गाड्या शेअर करून शिंदे, नायगावच्या बाजूने जायचं. उन्हाच्या आत साडेदहापर्यंत चालणं संपवायचं म्हणजे संपवायचंच. नदीकाठची वाट ओबडधोबड आहे, चपला नकोत, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला, काठी असेल तर आणा आणि लाजू नका. गुडघेवाल्या दोघींनी काठापर्यंत न उतरता वर देवळाच्या पारावर बसलं तरी चालेल, ग्रुप परत तिथेच येतो, आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारून जे कळतं ते मला पुस्तकात मिळालेलं नाही. बीपीची गोळी नाश्त्याआधी घ्यायची असेल तर घरूनच घेऊन निघा, नाश्ता नऊच्या पुढे होतो.

बाथरूमचं विचारलंत हे फार बरं केलंत, बायका हे विचारत नाहीत आणि सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग चक्कर येते. निघताना नाशिकरोडला आणि गावात गेल्यावर आधी सांगून ठेवलेल्या घरी, अशी दोन ठिकाणी सोय केलीये. त्या घरची वहिनीच नाश्ता करून देणार आहे, बाजरीची भाकरी, ठेचा, पिठलं, ताक. पैसे घरटी नाही, माणशी, आणि ते थेट वहिनीच्या हातात द्यायचे, माझ्याकडे नाही. शहरातून डबे बांधून न्यायचे आणि कागदी प्लेटा गावात टाकून यायचं हे मला मान्य नाही, गावाकडे इतिहास बघायला जातोय तर दोन पैसे त्या गावात राहू द्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना हात जोडून सांगायचीये. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावात असाच ग्रुप नेला होता, नाव नाही सांगत. मी पुढे बोलत होते आणि मागे सात-आठ जण फोटो काढायला शॉर्टकट मारून एका वाफ्यातून गेले. कांद्याची लागवड दोन दिवसांपूर्वीच झालेली, ओला वाफा, रोपं पार चिखलात गेली. शेतकरी दादा आले, ओरडले नाहीत, नुसते खाली बसून एकेक रोप परत उभं करायला लागले. मला इतकी लाज वाटली आयुष्यात फार कमी वेळा. आम्ही माफी मागितली, भरपाई दिली, त्यांनी अर्धीच घेतली. तेव्हापासून नियम केलाय की ग्रुप पंचवीसच्या वर नाही, एक माणूस सगळ्यात मागे राहणार, आणि बांध सोडून कुणी आत पाऊल टाकायचं नाही, कितीही छान फोटो येत असला तरी. आठवडाभर आधी जाऊन सरपंचांना आणि ज्यांच्या बांधावरून जायचं त्यांना विचारून येते, तेव्हाच ग्रुपमध्ये तारीख टाकते. केअरवेंटलाही लोक त्या अवशेषांच्या मधोमध राहतात, कुणाच्या परसाला लागून रोमन भिंत आहे, आणि बाहेरची माणसं आखलेल्या वाटेवरून शांतपणे जातात येतात. ते आपल्यालाही जमेल.

प्रश्न (देवळाली कॅम्प, इयत्ता सातवी) : रोमन लोक नाशिकला वाईन प्यायला यायचे का? माझा मित्र म्हणतो हो.

उत्तर : मित्राचं उलटं झालंय रे! त्या काळी वाईन तिकडून इकडे यायची. पेरिप्लसमध्ये भरुचला येणाऱ्या मालाची यादी आहे, त्यात वाईन आहे, आणि इटलीची जास्त पसंत करतात असं लिहिलंय. शिवाय तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. इकडून जायचं ते सुती कापड, गोमेदासारखे दगड, हस्तिदंत, पिंपळी. रोममध्ये प्लिनी नावाचा एक विद्वान होता, तो तक्रार करायचा की भारत दरवर्षी आपल्याकडचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स म्हणजे त्यांचा पैसा.

वाईन यायची ती मातीच्या उंच, तळाला निमुळत्या, दोन कानांच्या भांड्यातून, त्याला अँफोरा म्हणतात. आपल्या नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये डॉ. हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा असे तुकडे मिळाले. पण एक मजा आहे, पश्चिम भारतात जुन्या काळी रोमन म्हणून नोंदवलेले बरेच तुकडे नंतर परत तपासले तेव्हा इराणी आखाताकडच्या टॉर्पेडो जार नावाच्या वेगळ्याच भांड्यांचे निघाले, ज्यांना कानच नसतात. म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञांनाही परत परत बघावं लागतं. नाशिकमध्येही सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये गोदाकाठच्या जुन्या गढीवर खणलं होतं, आईबाबांबरोबर गेलास तर लांबूनच बघ, गढीची माती ठिसूळ आहे, कडेला जायचं नाही.

प्रश्न (निफाड तालुका, शेतकरी) : आमच्या वावरात नांगरताना जुन्या खापऱ्या निघतात, एकदा दोन नाणी पण निघाली, हिरवी झालेली. घरच्यांनी चिंच लावून घासायला घेतली, मी थांबवलं. कुणाला दाखवायची? सरकारला सांगितलं तर काय होईल ही पण भीती वाटते.

उत्तर : दादा, थांबवलंत हे फार मोठं काम केलंत. चिंच, लिंबू, पितांबरी, राख, काहीही लावायचं नाही. तो हिरवा थर म्हणजे नुसती घाण नसते, तो घासला की अक्षरंही जातात आणि मग ते नाणं कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. कोरड्या कागदात वेगवेगळी गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल धरते. कुठल्या गटात, बांधापासून किती अंतरावर, किती खोल, कुठल्या तारखेला मिळाली हे आजच एका वहीत लिहा. नाण्याइतकीच ही नोंद मोलाची असते, हे मी अगदी ठामपणे सांगते.

कायद्याचं म्हणाल तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय मिळालं, अंदाजे किंमत, जागा, तारीख, एवढंच लिहायचं असतं. तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या कायद्यात सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटासुद्धा दिलेला आहे, न कळवता लपवलं किंवा विकलं तर मात्र तो हक्क जातो आणि शिक्षाही आहे. गावात फिरून जुनी नाणी विकत घेणारे येतात, त्यांना देऊ नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे लायसनशिवाय हा धंदा करता येत नाही. तुमची भीती मला समजते, खरंच समजते, एकट्याने ऑफिसला जायला नको वाटत असेल तर इथे कळवा, मी बरोबर येईन.

खापऱ्यांबद्दल, वॉकला येणाऱ्यांनीही हे वाचावं. काठावर खापरीचा तुकडा दिसला तर वाका, बघा, फोटो काढा, आणि तिथेच ठेवा. पंचवीस जणांनी एकेक तुकडा आठवण म्हणून खिशात घातला तर चार वॉकमध्ये काठ साफ होईल.

प्रश्न (गंगापूर रोड) : जोगलटेंभीच्या खजिन्यातली नाणी गावात ठेवलेली आहेत का? नसतील तर नाशिकला कुठे बघायला मिळतील? आणि बघताना नेमकं काय बघायचं?

उत्तर : गावात नाहीत, ती केव्हाच वेगवेगळ्या संग्रहांत गेली. नाशिककरांच्या हाताशी मात्र एक मोठी जागा आहे आणि निम्म्या नाशिकला ती माहीत नाही. त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणकशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, १९८० पासून, लोक कॉइन म्युझियम म्हणतात. जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. तेर आणि कोल्हापूरकडे कधी गेलात तर तेही जोडा, तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या काळातल्या वस्तू आहेत, कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा छोटा पुतळा आहे, तळहातात मावेल एवढा, कुठल्या जहाजातून आणि कुठल्या घाटातून तो तिथवर चढला असेल याचा विचार करत मी त्या काचेपुढे अर्धा तास उभी होते. आणि उलट दिशेने इटलीत, पाँपेईच्या राखेत १९३८ ला एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला निघाल्यात.

नाणं बघताना घाई करू नका. नहपानाचं साधं नाणं असेल तर आधी चेहरा बघा. सगळे चेहरे एका माणसाचे वाटत नाहीत, काही तरुण, काही म्हातारे, गालफडं बसलेले, नाक कधी सरळ कधी बाकदार, त्यावरून अभ्यासकांत वादही झालेत. मग कडेची ग्रीक अक्षरं शोधा. मग नाणं उलटं असेल तर बाण आणि वज्र. आणि नशिबाने गौतमीपुत्राने परत छापलेलं नाणं समोर आलं तर भिंगातून बघा, एका बाजूला एकावर एक रचलेल्या कमानींचं चैत्य नावाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह. छाप वेडावाकडा बसलेला असतो, कारण हजारो नाणी एकेक करून हाताने ठोकलीत, आणि त्यामुळे खालचं सगळं काही पुसलं गेलेलं नसतं. चैत्याच्या कडेने कधी नहपानाची हनुवटी दिसते, कधी मानेवरचे केस, कधी ग्रीक अक्षराचा एखादा दांडा. वॉकला येताना मी मोठे केलेले फोटो छापून आणणार आहे, देवळाच्या पारावर मांडू, ज्याला जे दिसेल ते त्याने बोट ठेवून दाखवायचं.